शनिवारची काडी

'अलिबागसे आया है क्या?' हा प्रश्न मुंबईत कुणी कुणाला विचारला, की विचारणारा हसतो, ऐकणारा ओशाळतो आणि जवळच उभा असलेला मी उगाचच खिसे चाचपू लागतो. कारण मी खरोखरच अलिबागहून आलेलो आहे. मुंबईत पस्तीस वर्षं नोकरी केली, त्यातली निदान तीस वर्षं 'मूळ गाव कोणतं?' या प्रश्नाला 'रायगड जिल्हा' असं मोघम उत्तर देऊन वेळ मारून नेली. १९८१ पूर्वी तर आणखीच सोय होती. तेव्हा जिल्ह्याचं नाव कुलाबा. मी 'कुलाबा' म्हणालो, की समोरच्याला वाटे, हा ताजमहाल हॉटेलच्या मागच्या गल्लीत राहतो. हा गैरसमज मी स्वतःहून कधीही दूर केला नाही.

पुढे कुणीतरी या वाक्प्रचाराविरुद्ध थेट मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली. फेब्रुवारी २०१९ मध्ये ती फेटाळली गेली. विनोद सगळ्यांवरच होतात, मनाला लावून घेऊ नका, अशा अर्थाचं काहीतरी न्यायालयानं सांगितलं. म्हणजे आता आमच्यावर हसायला वरच्या कोर्टाचीही हरकत उरली नाही.

गंमत अशी, की या गावाला अलिबाग का म्हणतात, याची जी गोष्ट आम्ही लहानपणापासून ऐकत आलो, ती हसणाऱ्यांना ठाऊकच नसते. गावात म्हणे अली नावाचा एक धनिक होता. त्यानं नारळाच्या आणि आंब्याच्या बागा लावल्या. अलीची बाग, ते अलिबाग. आणि हा अली मुसलमान नव्हे, बेने इस्रायल, म्हणजे ज्यू होता, असंही जुनी माणसं ठासून सांगत. याचा कागद कुणापाशी नाही. पण आमच्याकडे घराच्या हद्दीचेसुद्धा कागद नसतात, तिथं नावाच्या कागदाचं काय घेऊन बसलात! तेव्हा 'अलिबागसे आया है क्या?' याचं खरं उत्तर 'जी हां, जेरुसलेमसे आया हूँ, व्हाया अलिबाग' असं द्यायला हवं होतं. परंतु हे सुचेपर्यंत मी निवृत्त झालो होतो. हजरजबाबीपणा मला नेहमी असा पेन्शनच्या सुमारास सुचतो.

आमचं घर इस्रायल आळीच्या टोकाला होतं. कोकणातल्या गावांना अशा आळ्या असतातच. ब्राह्मण आळी, कोळीवाडा, तशी ही इस्रायल आळी. 'इस्रायल' हा एक देशही आहे, हे मला शाळेत भूगोलाच्या तासाला कळलं, आणि मास्तरांनी तो नकाशावर अरबस्तानाच्या वरच्या बाजूला दाखवला तेव्हा मी हात वर करून 'गुरुजी, ती आमच्या मागच्या बाजूला आहे,' असं सांगितलं होतं. गुरुजींनी मला बाकावर उभं केलं. भूगोलात मी तेव्हा जो मागे पडलो, तो पडलोच.

आळीतली माणसं आमच्यासारखीच दिसत, आमच्यासारखीच बोलत आणि आमच्यासारखीच दुपारी झोपत. बायका नऊवारी नेसत, गळ्यात मंगळसूत्र घालत, लग्नात हळद-मेंदी करत. मग ती ज्यू कशावरून? तर त्यांची हकिगत अशी: फार फार वर्षांपूर्वी, कुणी म्हणतात दोन हजार, कुणी म्हणतात त्याहून कमी, नवगावच्या किनाऱ्याजवळ एक गलबत फुटलं. नवगाव म्हणजे अलिबागच्या उत्तरेला, थळच्या पुढं. त्यातून सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या. बाकीच्यांना तिथंच पुरलं; ती जागा नवगावला अजून दाखवतात, आता तिथं स्मारकही आहे. वाचलेल्यांचे धर्मग्रंथ समुद्रात गेले. उरली फक्त 'शमा इस्रायल' ही प्रार्थना, मुलांची सुंता, शनिवारची विश्रांती आणि खाण्यापिण्याचे काही नियम. एवढ्या चार गोष्टींच्या बळावर या मंडळींनी शतकानुशतकं कोकणात काढली. आमच्या घरी सगळे ग्रंथ कोरडे ठणठणीत आहेत आणि आम्हांला चार गोष्टीसुद्धा पाळता येत नाहीत, असं माझी आजी म्हणे.

ही गोष्ट खरी की दंतकथा, यावर विद्वानांचे वाद झाले. २०१६ साली एक जनुकीय अभ्यास प्रसिद्ध झाला. बेने इस्रायलांच्या रक्तात मध्यपूर्वेतल्या ज्यूंचा अंश आहे आणि इथल्या माणसांचाही, असा त्याचा निष्कर्ष. हे सांगायला प्रयोगशाळा लागली. आमच्या आजीला ते त्यांच्या स्वयंपाकघरातल्या वासावरून कळलं असतं. म्हणजे वास वालाच्या बिरड्याचा, आणि मटणाच्या रश्श्यात मात्र दुधाच्या वाऱ्यालाही बंदी; दाटपणा आणायचा तो नारळाच्या दुधानं. मांस आणि दूध एकत्र चालत नाही, म्हणून अख्ख्या जमातीला जन्मभर नारळ फोडावे लागावेत, आणि त्याच जमातीचं गलबत नेमकं नारळांच्याच किनाऱ्यावर फुटावं, यात मला परमेश्वराची योजना दिसते.

मासळीचीही एक कथा आहे. मध्यंतरी दाविद राहाबी नावाचा कुणी परदेशी ज्यू कोकणात आला. ही माणसं खरंच आपल्यापैकी आहेत का, याची परीक्षा पाहायला त्यानं बायकांपुढं मासळीची टोपली ठेवली. त्यांनी खवल्याची नि पंखांची मासळी तेवढी रांधायला घेतली आणि बाकीची बाजूला सारली. राहाबीची खात्री पटली. आमच्या आळीत हा कायदा पुरेपूर चालू होता. पापलेट हवं, कोलंबी नको. रावस हवा, चिंबोऱ्या नकोत. त्यामुळे कोळीण दारात आली की आजी तिला विचारी, 'काय गं, तिथून काय काय परत आलं?' आळीनं नाकारलेली कोलंबी आम्हांला दोन पैसे स्वस्त पडे. मोझेसच्या नियमशास्त्राचा इतका रोकडा फायदा अन्य कुठल्या मराठी कुटुंबाला झाला असेल, असं वाटत नाही.

त्यांची आडनावं ऐकलीत तर तुम्ही म्हणाल, ही तर आपलीच माणसं. नवगावकर, पेणकर, किहीमकर, रोहेकर, अष्टमकर. ज्या गावात राहिले त्या गावाला 'कर' लावला, की झालं. 'बूट पॉलिश'मधले जॉनचाचा, म्हणजे नट डेव्हिड, हे डेव्हिड अब्राहम चेऊलकर. चेऊलकर, म्हणजे आमच्या शेजारच्या चौलचे. आणि जुन्या काळची नावं तर त्याहून बहारीची. सॅम्युएलचा समाजी, इझिकेलचा हसाजी, बेंजामिनचा बनाजी. समाजी हसाजी दिवेकर नावाचे इंग्रजी पलटणीतले एक अंमलदार टिपू सुलतानाच्या कैदेत पडले, आणि तिथून सुटून आल्यावर त्यांनी १७९६ साली मुंबईतलं पहिलं सिनेगॉग बांधलं. बेने इस्रायल लोक सिनेगॉगला सर्रास 'मशीद' म्हणत. त्यावरूनच मशीद बंदर स्टेशनाला नाव पडलं, असं सांगतात. मी त्या स्टेशनावरून पस्तीस वर्षं लोकलनं गेलो. पैकी एकदाही मला ही गोष्ट ठाऊक नव्हती, कारण त्या स्टेशनावर माझं तोंड नेहमी कुणाच्या तरी बगलेत असे.

आमच्या आळीतली मशीद म्हणजे 'मागेन आबोथ', पूर्वजांची ढाल. १८४८ साली बांधलेली, १९१० साली नव्यानं उभारलेली. आम्ही पोरं तिच्या आवारात गोट्या खेळत असू. हाकलायला कुणी आलं, तर तो पूर्वजांच्या वतीनं अस्सल अलिबागी शिव्या देई.

आता शनिवारविषयी सांगितलं पाहिजे, कारण या लेखातलं माझं पात्र शनिवारीच रंगभूमीवर येतं.

बेने इस्रायल कोकणात पूर्वी तेलाचे घाणे चालवत. शनिवारी घाणा बंद. म्हणून गाव त्यांना 'शनिवार तेली' म्हणे. माझ्या लहानपणी बहुतेकजण कारकुनीत, रेल्वेत, पोस्टात, पलटणीत शिरलेले होते. पण आमच्या शेजारी एक घाणा टिकून होता. घाणेवाले काका शुक्रवारी सूर्य कलला की बैल सोडत. तो एकदम रविवारी जुंपत. बैलालाही विश्रांती द्यावी, असं त्यांच्या शास्त्रातच आहे. महाराष्ट्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना पाच दिवसांचा आठवडा २०२० साली मिळाला. अलिबागच्या त्या बैलाला शनिवारची हक्काची रजा त्याच्या कितीतरी पिढ्या आधीपासून होती, आणि त्यासाठी त्याला एकदाही मोर्चा काढावा लागला नव्हता.

आमच्या घरी शनिवारचा वेगळाच घोळ. शनिवारी तेल विकत आणायचं नाही, असा आजीचा नियम. आणि शनिवारी मारुतीला तेल घातल्याशिवाय जेवायचं नाही, हाही आजीचाच नियम. तेव्हा मारुतीचं तेल शुक्रवारी सूर्यास्ताच्या आत आणावं लागे. काका शुक्रवारी सूर्यास्ताला घाणा बंद करत, कारण त्यांचा देव रागावला असता. आणि आजी मला शुक्रवारी सूर्यास्तापूर्वी पिटाळे, कारण आमचा मारुती रागावला असता. दोन धर्मांचं वेळापत्रक इतकं बिनचूक जुळलेलं मी पुन्हा पाहिलं नाही. एस.टी. आणि रेवसची लाँच यांचंसुद्धा जुळत नसे.

शनिवारी सकाळी मात्र माझी बढती होई. त्या दिवशी त्यांच्या घरात कुणी विस्तवाला हात लावायचा नाही. मग काकांची आई, आम्ही सगळे तिला आजीबाय म्हणत असू, मागच्या दारी येऊन आमच्या घराकडं पाहत उभी राही. 'चूल पेटव' असंही म्हणायचं नाही म्हणे. ती नुसतं म्हणे, 'काय बाई गारठा पडलाय!' मे महिन्यातसुद्धा. हे ऐकलं की आजी मला ढोसे आणि मी जाऊन काडी ओढे. चूल पेटली, चहाचं आधण उकळलं, की आजीबाय आश्चर्यानं म्हणे, 'अरे, पेटली वाटतं!' माझ्या आधी हे काम माझ्या बाबांनी केलं होतं, त्यांच्या आधी त्यांच्या काकांनी. हुद्दा वंशपरंपरेनं आलेला. पगार एक मूठ मलिदा, म्हणजे गोड पोहे, त्यात ओलं खोबरं, वेलची आणि फळांच्या फोडी. मलिदा खरा एलियाहू हन्नबीच्या नवसाचा. पण आजीबायला नवस बोलायला कारण लागत नसे. नातू पास झाला की नवस, आणि नापास होऊन घरी सुखरूप आला तरी नवस.

तिचा हा नातू माझ्या वर्गात. त्याचं नाव मी सांगत नाही, कारण तो हल्ली स्वतःच आजोबा आहे आणि त्याच्या परीक्षांचे निकाल मी वर फोडले आहेतच. आम्ही दोघं मिळून बारा महिन्यांचे सण खात असू. त्यांच्या सणांची नावंही कशी, तर नव्याचा सण, खिरीचा सण, दारफाळणीचा सण. होळीच्या सुमारास त्यांची पुरिमची पुरणपोळी येई, तिला ते होळीचाच सण म्हणत. मग आमची पोळी त्यांच्याकडं, त्यांची आमच्याकडं. कोण कुणाच्या राक्षसाच्या नावानं बोंब मारतंय, याची चौकशी होत नसे. त्यांचं कीर्तनही मराठीत. बुवा उभे, झांजा-पेटीची साथ, आख्यान मात्र मोझेसचं नाहीतर जोसेफचं. मला पुष्कळ दिवस वाटे की फारोचा राजवाडा पेणच्या बाजूला कुठंतरी असावा.

आणि १९६३ साली ते निघाले.

१९४८ साली तिकडं देश झाला, तेव्हा भारतात बेने इस्रायल वीसेक हजार होते. तेव्हापासून एकेक घर बंद होत होतंच. कुणी त्यांना हाकललं नव्हतं. या देशात त्यांना कधी कुणी छळलं नाही, हे ते आजही जगभर सांगतात. पण दोन हजार वर्षं ज्या गावाची प्रार्थना केली, त्या गावाचं तिकीट मिळतंय म्हटल्यावर माणूस किती दिवस थांबेल? काकांचा घाणा तोवर गिरणीच्या तेलानं बसवलाच होता. बैल विकला. तो ज्यानं घेतला, त्यानं पहिल्याच शनिवारी तो जुंपून पाहिला. बैल जागचा हलेना. ही आमच्या बाबांनी रचलेली गोष्ट असावी, पण मी ती खरीच मानतो.

निघायच्या आदल्या दिवशी आजीबाय निरोप घ्यायला आली. आजीच्या हातात हात घालून म्हणाली, 'चाललो गं बाई आता आपल्या घरी.'

आजी म्हणाली, 'मग इतके दिवस कुठं होतीस?'

त्यावर दोघीही काही बोलल्या नाहीत. मग एकमेकींच्या पदराला डोळे पुसून झाले. कोणाच्या पदरानं कोणाचे, हे नीट पाहायला मला धीर झाला नाही. दुसऱ्या दिवशी रेवसची लाँच. मित्रानं मला आपल्या गोट्या दिल्या, त्यात माझ्याच सात होत्या.

शनिवारी मी सवयीनं त्यांच्या मागच्या दारापर्यंत गेलो. कुलूप होतं. दाराच्या चौकटीवर उजवीकडं त्यांची ती मेझुझा असे, येताजाता बोटं लावून ओठांना लावायची लहानशी डबी. ती काढून नेल्यामुळं तिथं लाकडाचा एक तिरका पट्टा तेवढा गोरा राहिला होता. खिशातली काड्यापेटी घेऊन मी परत आलो. तेव्हा मला सिगारेट ओढायला लागलास की काय, म्हणून बाबांनी एक ठेवून दिली. खरं कारण मी सांगितलं नाही.

वर्षभरात काकांचं पत्र आलं. आजीनं ते माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. त्यांच्या मुलीचं तिकडं लग्न ठरलं होतं, आणि कचेरीतला कारकून विचारत होता, की तुमची आई, तिची आई आणि तिची आई या ज्यू होत्या कशावरून? पुढं कळलं, की हा एकट्या काकांचा प्रश्न नव्हता. तिथल्या मुख्य धर्मपीठानं १९६२ साली फर्मानच काढलं होतं: बेने इस्रायलांचं लग्न दुसऱ्या ज्यूंशी लावण्याआधी त्यांच्या मागच्या पिढ्या तपासा. कोकणात दोन हजार वर्षं कोलंबी सोडली, आणि स्वतःच्या घरी पोचल्यावर उंबऱ्यात उभं करून विचारतात, 'कहांसे आया है?' अलिबागच्या माणसाला हा प्रश्न कुठंच चुकत नाही!

बाबा म्हणाले, 'आपण काय पुरावा देणार?'

'देणार म्हणजे? लिही,' आजी मला म्हणाली. लिहितावाचता न येणाऱ्या माणसाला मजकूर कसा सांगावा हे उत्तम कळतं. ती सांगत गेली, मी लिहीत गेलो. 'आम्ही खाली सह्या-अंगठे करणार लिहून देतो, की या घराच्या चार पिढ्या आम्ही पाहिल्या नि ऐकल्या. या घरात शनिवारी त्यांच्या हातानं चूल कधी पेटली नाही. याला साक्षीदार आम्ही, कारण पेटवायला दर पिढीला आमचंच पोर गेलं.' खाली आजीचा अंगठा, बाबांची सही, कोळणीचा अंगठा (कोलंबी परत आल्याबद्दल), आणि मारुतीच्या पुजाऱ्याची सही. पत्र टपालात पडलं. त्या देशाशी आपले पूर्ण राजनैतिक संबंध जुळायला १९९२ साल उजाडावं लागलं. पण आजीचं पत्र १९६४ च्या पावसाळ्यात गेलं. त्याच उन्हाळ्यात तिकडं बेने इस्रायलांनी जेरुसलेममध्ये सत्याग्रह केला, संसदेत खल झाला आणि ते फर्मान मागं घ्यावं लागलं. सत्याग्रह करायचा, हे ते इथूनच शिकून गेले होते. पण आजी मरेपर्यंत सांगत होती, की तिच्या अंगठ्यानं काम झालं.

त्यानंतर पत्रं विरळ झाली, आणि मग नाहीच.

२०१९ च्या जानेवारीत मित्र आला. मांडव्याच्या धक्क्यावर मी घ्यायला गेलो. पंचावन्न वर्षांनी भेटलेला माणूस ओळखायचा कसा, ही चिंता होती. पण होडीतून उतरतानाच त्यानं खलाशाशी सामानावरून मराठीत हुज्जत घातली आणि मी ओळखलं. सोबत पंधरा वर्षांचा नातू. त्याला हिब्रू येत होतं, इंग्रजी येत होतं, आणि मराठी शब्द तीन: 'चल', 'बस' आणि 'पुरे'. आजोबांशी संसार करायला तेवढे पुष्कळ होतात.

हे दिमोनाला राहतात. दिमोना वाळवंटात. 'करमलं का रे तिथं?' मी विचारलं. म्हणाला, 'वाळू तीच, फक्त पाणी काढून घेतलंय.' तिथं त्यांची बरीच वस्ती आहे. दुकानात पोहे मिळतात, 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिकही निघतं. त्याचं मराठी मात्र १९६३ साली बरणीत घालून झाकण लावल्यासारखं राहिलेलं. मी म्हणालो, 'ॲक्च्युअली, ट्रॅफिकमुळे लेट झाला.' तर तो मान तिरकी करून म्हणतो, 'वाहनांच्या गर्दीनं खोळंबा झाला म्हण की!' मराठी टिकवायची असेल तर ती वाळवंटात वाळत घालावी, असं माझं मत झालं.

तो आला होता आजीबायसाठी. तिच्या वर्षदिनाला तिच्याच गावच्या मशिदीत कद्दिश म्हणायची, असं त्याच्या मनानं घेतलं होतं. आता कद्दिश म्हणायची, तर प्रौढ दहा ज्यू पुरुष हजर पाहिजेत. नऊ चालत नाहीत. आळीत तर उरलेली घरं बोटांवर मोजण्याइतकी. संध्याकाळी आम्ही मागेन आबोथमध्ये जमलो. आळीतले चार, पेणहून दोघं, रेवदंड्याहून एक, मित्र आणि नातू. तिथल्या वडीलधाऱ्या गृहस्थांनी दोनदा मोजलं. नऊ. मग त्यांची नजर माझ्यावर येऊन थांबली आणि किंचित ओशाळून पुढं सरकली.

आयुष्यात मी पुष्कळ ठिकाणी जादा ठरलो आहे. कमी पडलो तेही सवयीनंच. पण दहावा म्हणून समोर उभा असून नऊच भरावेत, हा अनुभव नवीन. म्हणजे साक्षीला मी चालतो, गणतीत नाही. मित्र माझ्याकडं बघेना, मी त्याच्याकडं. बाहेर उजेड उतरत होता. आणि कधी नव्हे ते मला वाटलं, की आजीबाय मागच्या दारी उभी आहे आणि म्हणते आहे, 'काय बाई गारठा पडलाय!'

मी विचारलं, 'आणखी कुणी?' म्हणाले, 'थळला एक आहेत, पण गुडघे गेलेत. फोन उचलत नाहीत.' मी रिक्षा काढली. थळला पोचलो तर आजोबा ओटीवर पाय लांब करून बसलेले. मी धापा टाकत म्हणालो, 'चला, दहावा आहे.'

'कुणाचा?'

'तुमचा!'

म्हातारा काठी घेऊनच उठला. हिंदू शेजाऱ्यांत जन्म गेलेल्या माणसाला दहावा म्हणजे काय ते पक्कं ठाऊक. 'मेल्या, मी जिवंत आहे अजून!' मला खुलासा करायला दोन मिनिटं लागली आणि त्यांना हसू आवरायला चार. मग म्हणाले, 'बरं झालं. उभं राहता आलं मला.' वाटेत रिक्षाच्या प्रत्येक खड्ड्याला ते कुठल्या ना कुठल्या भाषेत देवाचं नाव घेत होते.

दहा भरले. मी मागं बाकावर बसलो. मित्र उभा राहिला. मला शब्द कळत नव्हते. 'आमेन' तेवढं कळे, आणि मध्येच त्याचा आवाज फाटला तेही कळलं. एवढ्यात दिवेलागण झाली. आत अंधारलं. तो दिवस काही शनिवार नव्हता. कुणीही उठून बटण दाबलं असतं. पण म्हणून झाल्यावर मित्र माझ्याकडं वळून म्हणाला, 'तूच लाव.'

मी उठून बटण दाबलं. ट्यूबलाईटनं दोनदा डोळे मिचकावले आणि ती लागली. थळचे आजोबा म्हणाले, 'अरे, लागली वाटतं!'

मग मित्रानं पिशवीतून आजीबायचं प्रार्थनेचं पुस्तक काढलं. त्यात घडी घातलेला एक कागद. अक्षर माझं, वय वर्षं तेरा, शुद्धलेखन त्याहून लहान. खाली आजीचा अंगठा. 'हे तुम्ही दिलं नाहीत कचेरीत?' मी विचारलं. 'नाही,' तो म्हणाला. 'तिथं मराठी कोण वाचणार? आणि आजीबाय म्हणाली, हे त्यांना कशाला दाखवायचं? हे आपलं आहे.' ताईचं लग्न फर्मान मागं घेतल्यावर झालं. कागद पंचावन्न वर्षं पुस्तकातच राहिला. आजीचा अंगठा थोडा फिकटला होता, एवढंच.

बाहेर आलो तर नातू माझ्याकडं पाहत आजोबांना हिब्रूत काहीतरी विचारत होता. मित्र हसून काहीतरी म्हणाला. पोरानं पुढं येऊन माझ्याशी हात मिळवला.

'काय विचारत होता?' मी म्हणालो.

'हे गृहस्थ कोण, आपल्यातले का, असं.'

'मग? काय सांगितलंस?'

'काय सांगणार?' तो म्हणाला. 'सांगितलं, अलिबागहून आलेत.'